चूल तीच, बेट वेगळं!

दोस्तांनो, रायगड चढताना तुम्ही ज्या काळ्या कातळाला हात टेकता ना, तो मुळात उकळता लाव्हा होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा! ज्या चुलीवर तो शिजला, ती अजून विझलेली नाही. आपली भूमी तिच्यावरून हळूहळू उत्तरेला सरकत आली, चूल मागेच राहिली. आज ती मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन नावाच्या फ्रेंच बेटाखाली धगधगते आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

बेट केवढं? जेमतेम २,५०० चौरस किलोमीटर. पण त्यावरचं पितों द नेज हे शिखर ३,०७१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट! हा ज्वालामुखी केव्हाच झोपी गेलाय. पावसानं त्याच्या कुशी पोखरून तीन प्रचंड खोलगे तयार केलेत. त्यांपैकी माफातमध्ये गाडीरस्ताच नाही. तिथल्या वाड्यांवर जायचं तर पायी, नाहीतर हेलिकॉप्टरनं!

आणि पाऊस म्हणाल तर विचारू नका. समुद्रावरचे वारे पूर्वेच्या उतारावर पाणी ओततात, पश्चिम किनारा मात्र कोरडा. महाबळेश्वर भिजतं आणि माणदेश सुकाच राहतो, तसंच. फक्त दिशा उलटी. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. रियुनियनवर १९६६ च्या जानेवारीत, वादळात, चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पडला! जागतिक विक्रमच तो.

दुसरा ज्वालामुखी, पितों द ला फुर्नेझ, जागा आहे. चांगलाच जागा! त्याचा लाव्हा बहुधा निर्जन उतारावरून समुद्राकडे वाहतो. पण एप्रिल १९७७ मध्ये तो वाट सोडून पितों सेंत-रोझ गावात घुसला. माणसं आधीच बाहेर काढली होती, म्हणून वाचली. घरं मात्र जळाली. चर्चपाशी येऊन लाव्हा दोन्ही बाजूंनी वळला, दारातून थोडासा आत शिरला आणि तिथंच थिजला. एप्रिल २००७ मध्ये तर शिखरावरच्या विवराचा तळच तीनशे मीटरहून खाली खचला.

किनाऱ्याचा हमरस्ता लाव्ह्यानं कितीदा गिळलाय! लोक थोडे दिवस थांबतात, मग त्याच काळ्या दगडावरून पुन्हा रस्ता काढतात. आत बोट घातलं, तर दगड बरेच महिने गरम लागतो म्हणे. अन् पाऊस पडला की रस्त्याकडेनं वाफा निघतात.