खेळणी सुटल्यानंतरचा नाताळ

रविवार, 1 डिसेंबर 2024, लालबाग

पोटमाळा आवरायला घेतला आणि मागच्या नाताळात पुतण्याला दिलेली रिमोटची गाडी हाती लागली. सेलच्या कप्प्यावरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा निघालेली नव्हती. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. "काकू, मस्त आहे," म्हणाला होता आणि मग गाडी खोक्यात घालून त्याने ती वर ठेवून दिली. माझं मन राखलं पोराने. गाडी हातात धरून मी बराच वेळ शिडीवरच बसून राहिले.

यंदा चार भेटवस्तू घ्यायच्या आहेत. घरात पुतणी तेरा वर्षांची आणि पुतण्या बारा. गिरगावात, खोताच्या वाडीत, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा चौदाचा आणि मुलगी अकराची. दिवाळीत आमच्याकडून फराळाचा डबा त्यांच्याकडे जातो, नाताळात त्यांच्याकडून ताट येतं. तीस वर्षं हे असंच चाललंय. शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात, नाताळ आपला कुठे गं? मैत्रिणीचं घर ईस्ट इंडियन. त्यांच्या समाजाने हे नाव 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलं, पण माणसं इथलीच, मूळ रहिवासी. मैत्रिणीची आई भांडते मराठीत आणि लाडही मराठीतच करते. ज्या घरात आपली मुलं जेवतात, त्या घरचा सण आपलाच.

बुधवार, 4 डिसेंबर

ऑफिसातून परस्पर क्रॉफर्ड मार्केटला गेले. चांदण्या, घंटा, कापसाचं बर्फ, तांबड्या टोप्या, सगळं लागलेलं. खेळण्यांच्या खोक्यांवर वय छापलेलं असतं: तीनच्या पुढे, पाचच्या पुढे, आठच्या पुढे. त्यानंतर काहीच नाही. दुकानदाराला विचारलं, बारा-चौदाच्या मुलांना लोक काय नेतात? म्हणाला, "ताई, मोबाईलचं कव्हर, नाहीतर पाकिटात पाचशे." जाऊबाईंचंही तेच मत. पैसे दिले की मुलं नाराज होत नाहीत, हे खरं. पण पाकीट उघडून कोणी कोणाला हाक मारत नाही की "ये रे, बघ काय आलंय!" मला ती हाक ऐकायची आहे.

रिकाम्या हाताने परतले.

शुक्रवार, 6 डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. दादरला उतरले तर स्टेशनपासून शिवाजी पार्कपर्यंत माणसांचा सागर. दूरदूरच्या गावांहून आलेली कुटुंबं, खांद्याला पिशव्या, आणि पार्कात पुस्तकांचे स्टॉलच स्टॉल. एका स्टॉलपाशी एका बाईने आपल्या मुलीच्या हातात नोट ठेवली आणि सांगितलं, "तुझं तू बघून घे." मुलगी बारा-तेराची असेल. तिने सहा पुस्तकं उघडली, मागची किंमत वाचली, दोन बाजूला ठेवली, एक परत केलं, विक्रेत्याशी मोठ्या माणसासारखी बोलली. आई मध्ये एक शब्द बोलली नाही.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. खेळणं म्हणजे खऱ्या वस्तूची लहान नक्कल: छोटी गाडी, छोटी भांडी, छोटा फोन. या वयात मुलांना नक्कल पुरत नाही. त्यांना मोठ्यांच्या हातातली खरी वस्तू हवी असते, आणि ती वापरायचा भरवसाही. यंदा चौघांना खरी वस्तूच घ्यायची.

गुरुवार, 12 डिसेंबर

संध्याकाळी पुतणी मोबाईल हातात घेऊन ओरडतच गॅलरीत आली. गुकेश जगज्जेता! सिंगापूरला चौदाव्या डावात डिंग लिरेनला हरवलं, साडेसात-साडेसहा. अठरा वर्षांचं पोर. डाव संपल्यावर तो रडला, तेव्हा हीही रडली.

तिचं ठरलं: बुद्धिबळाचं घड्याळ. पट आणि सोंगट्या घरात आहेतच. ती माझ्या सासऱ्यांशी, म्हणजे तिच्या आजोबांशी खेळते, पण ते एकेका चालीला अर्धा चहा संपवतात. पाच-पाच मिनिटांचे डाव लावले की दोघांचीही धमाल. धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतून शनिवारी घेईन.

शनिवार, 14 डिसेंबर

घड्याळ मिळालं. तिथून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड. पाटीवर दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं. मैत्रिणीच्या मुलाने गेल्या महिन्यात घरातला बंद मिक्सर उघडून ठेवला होता म्हणून तिने त्याला रागे भरलं होतं. मला त्यातच त्याची भेट दिसली.

एफएम रेडिओचं किट घेतलं. हिरवी पट्टी, पुडीत रेझिस्टर, कपॅसिटर, एक आयसी, तांब्याच्या तारेची करंगळीपेक्षा बारीक गुंडाळी, छोटा स्पीकर. काउंटरवरच्या मुलाने प्रत्येक भाग कागदावर ओतून यादीशी ताडून दिला. वर म्हणाला, "आयर्न पंचवीस वॅटचंच घ्या. जास्त वॅटचं घेतलं तर पट्टीवरचं तांबं सुटून येतं." सोल्डरची तार, चिमटा, डोळ्यांना चष्मा असं सगळं घेतलं. घरी येऊन आधी मैत्रिणीला फोन केला. चटका बसणारी वस्तू आईबापांना विचारल्याशिवाय कोणाच्या मुलाला देऊ नये. ती म्हणाली, "दे. त्याचे बाबा शेजारी बसतील."

सोमवार, 16 डिसेंबर

तबल्याचे उस्ताद झाकीर हुसेन गेले. सकाळपासून टीव्हीवर तीच बातमी. त्र्याहत्तर वर्षांचे होते. माहीमचं मूल ते, आपल्या इथून हाकेच्या अंतरावरचं. पुतण्या शाळेचा डबा हातात धरून टीव्हीसमोर उभा होता आणि त्याची बोटं डब्याच्या झाकणावर चालली होती.

हा मुलगा कशावरही वाजवतो. कडाप्प्याचा ओटा, जिन्याचा कठडा, बसमधली पुढची सीट. आम्ही सगळे "पुरे रे" म्हणतो. लालबागच्या पोराला ताल शिकवावा लागत नाही. पण गणपतीच्या आरतीला ढोलकी मोठ्या मुलांच्या हातात असते आणि याच्या वाट्याला झांजा येतात.

संध्याकाळी ढोलकी घ्यायला दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांच्या वाद्यांच्या दुकानात गेले. पहिलाच प्रश्न आला: दोरीची की नटबोल्टची? दोरीची दिसायला देखणी, पण सुरात आणायला मुरलेला हात लागतो. नटबोल्टची पाना घेऊन मुलगा स्वतः चढवू-उतरवू शकतो. तीच घेतली. दुकानदारांनी शाईच्या कडेला नुसतं बोट टेकवलं आणि टणत्कार दुकानभर झाला. मग डावी पुडी तळव्याने दाबून घुमारा काढून दाखवला. सोबत पाना दिला. पावसाळ्यात पुडी सैल पडते, उन्हाळ्यात ताणते, नट त्याप्रमाणे फिरवायचे, हेही सांगितलं.

जाऊबाईंशी वाटाघाटी रात्री अकरापर्यंत चालल्या. रोज संध्याकाळी सहा ते सात, परीक्षेत सुट्टी, दुपारी कधीच नाही. शेजारच्या काकूंनाही विचारून घेतलं.

बुधवार, 18 डिसेंबर

सीएसएमटीला उतरून जीपीओ. जॉन बेगने बांधलेली 1913 ची इमारत, विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवरची. त्या घुमटाखाली उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो. मैत्रिणीच्या धाकटीसाठी 'माय स्टॅम्प' करायला दिलं: आपला फोटो असलेली बारा तिकिटं, तीनशे रुपये. फोटो तिच्या आजीचा, गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीतला. ही तिकिटं शोभेची नाहीत, लिफाफ्याला चिकटवून पेटीत टाकली की पत्र पोचतं.

मंगळवार, 24 डिसेंबर

आज साने गुरुजींची जयंती, 1899 चा जन्म. त्यांनी त्यांच्या पुतणीला, सुधाला, लिहिलेल्या पत्रांचं 'सुंदर पत्रे' हे पुस्तक शेल्फावरून काढलं आणि तिकिटांच्या पाकिटात ते, बारा कोरे लिफाफे आणि बारा पत्ते लिहिलेला कागद घातला. पहिला पत्ता माझा.

बुधवार, 25 डिसेंबर, खोताची वाडी

पूर्वी इथे पासष्ट घरं होती म्हणतात, आता निम्मीही नाहीत. जी आहेत त्यांच्या लाकडी गॅलऱ्यांत आज कागदी चांदण्या पेटल्या होत्या. ताटात न्यूरी, कलकल, मिल्क क्रीम.

ढोलकी कागदात लपत नाही, त्यामुळे ती दारातच ओळखली गेली. पुतण्या काही बोलला नाही, फक्त पाना खिशात घातला आणि मांडी घालून बसला. घड्याळावर आजोबा पहिले दोन डाव वेळेवर हरले, तिसरा जिंकले आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढे हसले.

रेडिओला तीन तास लागले. शेवटचा टाका बसला, सेल घातले, तर नुसती खरखर. मुलाचा चेहरा उतरला. मग त्याने किटचा कागद पुन्हा वाचला आणि टाचणीने तांब्याच्या गुंडाळीचे वेढे केसभर सैल केले. वेढे सैल झाले की रेडिओ वरचं स्टेशन पकडतो. खरखरीतून एक बाई बोलायला लागली. अजून केसभर, आणि 107.1, एफएम रेनबो, स्वच्छ. "मावशी! आई! आजी! या ना!"

स्वयंपाकघरातून सगळ्या ओल्या हातांनी धावलो.

सोमवार, 30 डिसेंबर

पोस्टमनने पत्र आणलं. पाच रुपयांचं तिकीट, त्यावर वेताच्या खुर्चीतली आजी आणि तिच्या खांद्यावर पोस्टाचा गोल शिक्का. आत चार ओळी: रेडिओ चालू आहे, दादाने आता शेजारच्यांची इस्त्री उघडली आहे, अकरा तिकिटं उरली आहेत, उत्तर लवकर पाठव.