बहात्तरावा हिस्सा

पुणे, नोव्हेंबर २०२५

ती. काका,

प्लास्टिकचे स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाची, रणगाड्याची किंवा जहाजाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, सुटे भाग जोडून करायची प्रतिकृती. यात सगळा कस प्रमाणाचा. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच दिसला तरी कोणाची तक्रार नसते. मॉडेलमध्ये मात्र पंख, चाक, वैमानिक आणि त्याच्या खुर्चीचा पट्टा या सगळ्यांना एकाच आकड्याने भागावे लागते. विमानांसाठी १/७२, १/४८ आणि १/३२ ही प्रमाणे रूढ आहेत. तिन्ही फूट-इंचांच्या हिशेबातली: १/७२ मध्ये सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो, १/४८ मध्ये एक फूट म्हणजे पाव इंच. रणगाड्यांचे १/३५ मात्र अपघाताने आले. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे किट काढले. पोटात मोटर आणि सेल मावतील एवढा रणगाडा आखला गेला आणि तो मूळ रणगाड्याचा कितवा हिस्सा झाला हे नंतर मोजले गेले. आज बहुतेक रणगाडे याच मापाचे निघतात.

प्लास्टिकची पहिली विमान-किट्स १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने विकली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर किट्ससाठी पॉलिस्टायरीन वापरात आले आणि हा छंद स्वस्त झाला. १९३९ मध्ये निघालेली एअरफिक्स कंपनी आधी रबरी खेळणी आणि मग कंगवे करी. १९५२ मध्ये तिचे ‘गोल्डन हाइंड’ हे छोटे जहाज वूलवर्थच्या दुकानांत २ शिलिंगला मिळू लागले, आणि त्यामागोमाग स्पिटफायर. त्या काळची ब्रिटिश आणि जपानी पोरे आता सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यामुळे तिकडे म्हातारपणीचा हा छंद बऱ्याचदा जुन्या टेबलाकडे परतणे असते. आपल्याकडे परदेशी किट हाती लागणे हीच तेव्हा दुर्मीळ गोष्ट. फार तर एनसीसीच्या हवाई शाखेत बाल्सा लाकडाची उडती विमाने. म्हणजे इथला निवृत्त माणूस कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो, आणि त्यात तोटा काही नाही. लहानपणी डिंकासारखा गोंद थापायच्या सवयी तरी मोडाव्या लागत नाहीत.

विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या तुमच्यासारख्या माणसाला पडूच नये. मिग-२१ हे लढाऊ विमान भारतीय हवाई दलात १९६३ मध्ये आले आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये त्याला निरोप दिला गेला. मधल्या काळात त्याचे टाइप ७७, टाइप ९६ आणि टाइप ७५ हे तिन्ही प्रकार ओझरला बांधले गेले. त्याची किट्सही भरपूर आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्ड कंपनीची त्यांत विशेष वाखाणली जातात. पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणून मॉडेल १/७२ मध्ये जेमतेम १० सेंटिमीटर रुंद, १/४८ मध्ये १५ आणि १/३२ मध्ये २२ भरते. साठीनंतर १/४८ बरे. १/७२ चे सुटे भाग तांदळाच्या दाण्याहून लहान निघतात, आणि १/३२ ला शोकेस पुरत नाही. मात्र पहिलेच मॉडेल टाइप ७७ चे नको. ती विमाने मूळची उघड्या धातूची, आणि चकचकीत धातूचा रंग प्रत्येक ओरखडा, प्रत्येक बोटाचा ठसा वर आणून दाखवतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती नवख्यापेक्षा जाणत्याला जास्त नडते. ज्याने विमान हाताने बांधले आहे, त्याला मॉडेलवर रिव्हेट मोजावेसे वाटतात. किटच्या अंगावर पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा साधारण ०.२ मिलिमीटर रुंद असतात. १/७२ मध्ये याचा अर्थ मूळ विमानावर १४ मिलिमीटरची फट. असे विमान कोणत्याही तपासनिसाने हँगरबाहेर सोडले नसते. पण ती रेष हिशेबाने बारीक केली तर ती साच्यातही उतरणार नाही आणि रंगाच्या पहिल्या हातातच बुजेल. रंगाचेही तसेच. ३० सेंटिमीटरवरून पाहिलेले १/४८ चे मॉडेल म्हणजे १४.४ मीटरवर उभे असलेले विमान. तेवढ्या अंतरावर रिव्हेट दिसत नाहीत, आणि मधल्या हवेने रंग किंचित फिकट वाटतो. म्हणून हँगरमधल्या डब्यातला अस्सल रंग मॉडेलवर लावला तर तो काळपट आणि जड दिसतो. त्यात थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळावा लागतो. थोडक्यात, आकार भागाकाराने येतो, पण सावली, रेषा आणि रंग नजरेने ठरवावे लागतात. हे काम यंत्रशाळेपेक्षा चित्रकाराच्या खोलीच्या जवळचे आहे, आणि अभियंत्यांना ते पचायला वेळ लागतो.

नजर म्हटली की वय आले. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते, ते चाळिशीपासून जाणवते; पुढे भिंग पिवळसरही होते, आणि पिवळ्या भिंगातून निळा रंग दबलेला दिसतो. मिग-२१ च्या पुढच्या प्रकारांची कॉकपिट निळसर हिरव्या रंगाची असते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याने हा रंग अंदाजाने कालवला की तो जास्त निळा होऊ शकतो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्याला तर दोन डोळ्यांनी दोन वेगळे निळे दिसतात. अशा वेळी क्रमांक पाहून तयार बाटली घ्यावी. डोक्याला बांधायचे भिंग दुप्पट मोठे दाखवणारे पुरे. शक्ती वाढली की वस्तू चेहऱ्याजवळ आणावी लागते, आणि तिच्याबरोबर कटरचे पातेही. दिवा एकाऐवजी दोन असावेत, दोन बाजूंनी.

हात थरथरत असेल तर दोन्ही मनगटे टेबलावर टेकवून तळहातांच्या कडा एकमेकींना लावतात. कंप पूर्ण जात नाही, पण दोन्ही हात एकत्र हलतात, त्यामुळे ब्रश आणि भाग यांच्यातले अंतर फारसे बदलत नाही. पातळ गोंदही मदतीला येतो. तो चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून सांधतो. दोन भाग आधी कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीला गोंदाचा ब्रश नुसता टेकवायचा. गोंद आपोआप आत ओढला जातो. फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदात ही उसंत नाही, आणि काही किटांबरोबर येणाऱ्या कोरलेल्या पितळी पत्र्यांना तोच लागतो, म्हणून पहिल्या मॉडेलात ते पत्रे डब्यातच राहू द्यावेत. गोंदाच्या वासासाठी खिडकी उघडी हवी, दमेकऱ्याला तर नक्कीच. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर पात्याची छोटी चीरही बराच वेळ वाहते. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर टेबलाखाली पडलेला प्लास्टिकचा कपचा टोचल्याचे कळतही नाही. चपला घालूनच बसावे. किटच्या सूचनापत्रात वयाचा आणि आजारांचा असा विचार नसतो.

कामाचा क्रम ठरलेला आहे. भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिला स्प्रू म्हणतात; साच्याचे तेल जावे म्हणून ती साबणाच्या पाण्याने धुतात, मग निपरने भाग तोडून खुणा घासतात. विमानात कॉकपिट आधी, कारण नंतर ती धडाच्या दोन अर्ध्या भागांत बंद होते. नाकाखाली चाक असलेले विमान शेपटीवर बसू नये म्हणून याच वेळी नाकात वजन घालतात. हे विसरलेले विमान जन्मभर टेकू घेऊन उभे राहते. मग धड जोडणे, सांध्यात पुट्टी, पाण्याचा पॉलिश पेपर. सांधा मिटला की नाही हे डोळ्याला नाही, बोटाला कळते. प्रायमरचा करडा हात बसला की उरलेले दोष दिसतात, आणि बहुतेकांची चिकाटी नेमकी इथे संपते. त्यानंतर रंग, मग चकचकीत वार्निश, आणि त्यावर पाण्यात भिजवून सरकवायची डिकल्स: चक्रे, क्रमांक, शेपटीवरचा तिरंगा. खरबरीत रंगावर डिकल लावले तर खाली हवा अडकून चंदेरी डाग पडतो, म्हणून मधला तो वार्निशचा हात टाळू नये. शेवटी रेषांत पातळ काळपट रंग सोडून पुसायचा आणि सगळ्यावर मंद वार्निश.

रंग ब्रशने लावावा की एअरब्रशने, यावर वाद फार चालतात. पहिल्या दोन-तीन मॉडेलांना ब्रश आणि पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक पुरते. कॉम्प्रेसरचा खर्च नंतर. पावसाळ्यात मात्र वार्निश जपून. हवा दमट असली की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरते आणि वार्निश पांढुरके पडते. जोडणी श्रावणात आणि रंगकाम दिवाळीनंतर, असा हिशेब नाशिकच्या हवेला जमतो.

पैशाचा मुद्दा उरतो. किट आयात होऊन येते, त्यामुळे मूळ किमतीवर वाहतूक आणि कर चढतात. तरीही या छंदात पैसा जातो तो केलेल्या मॉडेलांवर नाही, न केलेल्यांवर. जगभरच्या छांदिष्टांच्या कपाटांत न उघडलेल्या खोक्यांचे ढीग आहेत, आणि साठीनंतर त्या ढिगाकडे पाहून केलेला वर्षांचा हिशेब सुखाचा नसतो. एका वेळी एक खोके घरात असावे. तयार मॉडेल काचेच्या कपाटात, उन्हापासून दूर ठेवावे, कारण उन्हाने रंग फिके पडतात. धूळ झटकायला मऊ, कोरडा ब्रश पुरे. ओल्या फडक्याने नाकापुढची बारीक पिटॉट नळी पहिली मोडते.

काकूंना नमस्कार. कळावे.

तुमचा पुतण्या