काठीचा घोडा

घरातली काठी एकदा नातवाच्या हाती लागली की ती काठी राहत नाही. तिचा घोडा होतो. माझी काठी दिवसातून दोनदा तरी अंगणाला दौड मारून येते, आणि तोवर मी भिंतीचा आधार घेऊन उभा! तक्रार करायची सोय नाही, कारण या खेळाला राजमान्यता आहे.

तो राजा स्पार्टाचा अगेसिलॉस. इ.स.पू. ४०० च्या सुमारास तो गादीवर आला आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्याने राज्य केले. अंगाने लहानखुरा, एका पायाने अधू. मुले लहान असताना हा गृहस्थ काठीवर स्वार होऊन त्यांच्याबरोबर घरात खेळत असे. एकदा एका मित्राने ते पाहिले. राजाने त्याला विनवले, की तू स्वतः बाप होईपर्यंत हे कुणापाशी बोलू नकोस. ही हकिकत प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. तेव्हा ते गुपित किती पाळले गेले हे दिसतेच!

स्पार्टा म्हणजे काही लाडाकोडाचे गाव नव्हे. मुलगा सात वर्षांचा झाला की आईबापांपासून काढून त्याला इतर मुलांच्या टोळीत टाकायचे. उपास, थंडी, मार यांवर वाढवायचे. गादीच्या वारसाला यातून सूट असे. पण अगेसिलॉस धाकटा. तो राजा होईल असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते, त्यामुळे त्याने ते सारे भोगले होते. मला वाटते, काठीवर बसणारा बाप तिथेच घडला असावा. पुढे राजा झाल्यावरही घरात डामडौल नव्हता. त्याचा मित्र झेनोफन सांगतो, की राजकन्या अमिक्लीला जायची ती इतर मुलींसारखी सार्वजनिक गाडीतून.

हे सगळे वाचून राजा आपल्याला आवडू लागतो. मग इ.स.पू. ३७८ साल उजाडते.

स्फोड्रियस नावाच्या एका स्पार्टन सरदाराने अथेन्सचे बंदर बळकावण्यासाठी रात्रीत कूच केले. वाटेतच उजाडले, तेव्हा आसपासची घरे लुटून तो माघारी फिरला. अथेन्सशी तेव्हा युद्ध नव्हते. स्पार्टाचे वकील त्या वेळी अथेन्समध्येच होते. स्फोड्रियसला देहान्ताची शिक्षा होणार हे उघड होते. भीतीने तो खटल्याला हजरसुद्धा झाला नाही. पण त्याचा मुलगा क्लिओनिमस याच्यावर राजपुत्र आर्किडेमसचा जीव जडलेला होता. क्लिओनिमस रडत आला: तुझ्या वडिलांकडे शब्द टाक.

आर्किडेमस पहाटे उठला. वडील युरोटस नदीकडे निघाले तसा मागोमाग गेला. कुणी नागरिक बोलायला आला, याने वाट दिली. कुणी परका आला, वाट दिली. नोकर आला, त्यालाही दिली. वडील घरी परतले आणि हा एक शब्द न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच! आमच्या लहानपणी वडिलांकडे सहलीचे पैसे मागायचे तर आईची मध्यस्थी लागे. तेव्हा हा मुलगा मला अगदी ओळखीचा वाटतो. बापाला सारे कळत होते, पण त्याने विचारले नाही. अखेर मुलाने धीर केला. बापाने आधी नकारच दिला: तुला मी क्षमा करीन, पण मला शहर कशी करील? मग काही दिवसांनी बातमी फुटली, की राजाच्या मते स्फोड्रियस अपराधी खरा, पण लहानपणापासून ज्याचे वागणे चोख, असा माणूस मारणे कठीण. स्पार्टाला असेच शिपाई हवेत. स्फोड्रियस सुटला.

बाप म्हणून मी त्याला दोष देऊ धजत नाही. पण अथेन्समध्ये ज्यांचे घर लुटले गेले, त्यांनाही मुले होतीच ना? त्यांच्यासाठी नदीवर कोण गेले? अथेन्सने तटस्थपणा सोडला आणि थीब्जचा पक्ष घेतला. युद्ध लांबत गेले.

इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे थीब्जने स्पार्टाचा धुव्वा उडवला. सातशे स्पार्टन नागरिकांपैकी सुमारे चारशे पडले. स्फोड्रियस पडला. क्लिओनिमस आपल्या सेनापती राजासमोर तीनदा कोसळला, तीनदा उठला आणि मेला. मित्राला त्याने एकदा शब्द दिला होता, की माझ्या मैत्रीची तुला लाज वाटेल असे मी कधी वागणार नाही.

बातमी स्पार्टात आली तेव्हा उत्सवाचा शेवटचा दिवस होता, रंगमंदिरात गाणी चालू होती. अधिकाऱ्यांनी कार्यक्रम थांबवला नाही. मृतांची नावे घरोघर कळवली आणि बायकांना बजावले: रडायचे नाही. दुसऱ्या दिवशी ज्यांची माणसे गेली होती ते हसऱ्या चेहऱ्याने रस्त्यात हिंडत होते. ज्यांची वाचली, ते तोंड लपवून.

अगेसिलॉस आजारातून पुरता उठला नव्हता. उरलेल्या सैन्याला आणायला मुलाला पाठवले. आर्किडेमस उत्तरेकडे निघाला, आणि मेगाराच्या मुलखात समुद्रकाठी ते परतणारे लोक त्याला भेटले. त्यांत क्लिओनिमस नव्हता.