जाळरेषा

४ फेब्रुवारी २०२२, पिटेझरी
हंगामी टोळीत नाव लागलं. मायला म्हटलं, जंगल राखायला चाललो. मोठी माय मधेच, "आधी त जारालेच नेतेत."

९ फेब्रुवारी
खरंच जाळतोय. कापून सुकवलेलं गवत, दव सुकल्यावर नि वारा उठायच्या आत. मधला पट्टा मोकळा झाला की पुढे येणाऱ्या आगीला खायला काही नाही. सगळ्या रेषा १५ तारखेच्या आत व्हायच्या. त्या दिवशी आगीचा हंगाम लागतो, थेट १५ जूनपर्यंत.

२३ फेब्रुवारी
पाठीवर ब्लोअर. पुढे झाडावं, मागे तेवढाच पाला. सागाचं वाळकं पान पडताना मोठा आवाज करतं. दुपारी दोनदा वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

८ मार्च
झोपेतही ब्लोअरची घरघर.

१७ मार्च
होळी. गावोगाव धूर. त्यातला आपला कुठला?

२९ मार्च
मोह टपकू लागला. मोठी माय पहाटेच टोपली घेऊन झाडाखाली. पाला जाळलेला, काळ्या राखेवर फुलं ठळक दिसतात. मी बोललो. "पाला न जारता फूल कसा दिसंल रे?" खराट्यानं झाडून दाखवलं. एका झाडालाच घाम निघाला. तिची सात झाडं.

८ एप्रिल
गेल्या वर्षी याच तारखेला नागझिऱ्यात आग विझवताना तीन मजूर गेले. टोळीत कुणी विषय काढला नाही. बीटगार्ड एवढंच म्हणाले, वाऱ्याच्या तोंडाशी उभं राहायचं नाही.

११ एप्रिल
उपग्रहाचा मेसेज आला. अक्षांश, रेखांश. पोचेपर्यंत आग बांबूत शिरली होती. पेरं फटाफट फुटतात. ओल्या फांद्यांनी झोडपायचं. ब्लोअरनं जळता पाला उलटा आगीतच लोटायचा. सांजेला आटोपली. भुवया करपल्या.
उगम सापडला: मोहाखाली गोल काळा डाग. फुलं वेचून नेलेली. झाड कुणाचं, टोळीतल्या निम्म्यांना ठाऊक. कुणी बोललं नाही. मीही.

१२ एप्रिल
मोठ्या मायच्या अंगणात मोह वाळतोय. वर्षाचं मीठ-तेल त्यावर. आज तिच्याकडे जेवलो नाही.

१४ एप्रिल
ढिवरांकडून फाटकं जाळं मागून आणलं. तिच्या मोठ्या झाडाखाली अंथरलं. ती बघत राहिली, नाही म्हणाली नाही.

१५ एप्रिल
रात्री अस्वल येऊन गेलं. फुलं फस्त, जाळं आणखी फाटलं. मोठी माय पोट धरून हसली. मग म्हणाली, "खुंटे गाडून वर बांध. नाई त खराटाच बरा."