डॉक्टरांपुढे लाज कसली?

लग्न ठरलेला मुलगा एकाएकी 'इतक्यात नको' म्हणू लागला, की घरात एकच तर्क लढवला जातो : याचं मन दुसरीकडे कुठेतरी गुंतलंय. माझ्या बहिणीनेही तोच लढवला. भाचा नोकरीनिमित्त नवा रायपूरला आमच्याकडे राहतो. साखरपुडा झालेला, हॉल बघणं सुरू, आणि हा तारीख पुढे ढकलतोय. ताईने नागपूरहून फोन करकरून मला भंडावून सोडलं, "तू मामा आहेस, तूच विचार त्याला."

संध्याकाळी आम्ही दोघं सेंध तलावाकडे फिरायला जातो. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून तिथेच विषय काढला. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मला बहुतेक काहीतरी रोग झालाय. तिथे बारीक पुटकुळ्या आल्यात. मी कधी काही वावगं वागलेलो नाही, तरीही. आता तिला कसं फसवू?"

वर्षभर हे त्याने एकट्याने पोटात ठेवलं होतं. मधल्या काळात मेडिकलच्या दुकानातून खाजेवरचं एक मलम आणून चोळून झालं होतं. रेल्वेच्या रुळांलगत भिंतींवर 'गुप्तरोगांवर शर्तिया इलाज' असं रंगवलेलं असतं ना, तसल्या एका दवाखान्यातही तो जाऊन आला होता. तिथे न तपासताच 'रक्त बिघडलंय' असं सांगून तीन महिन्यांच्या औषधांचा भलामोठा खर्च ऐकवण्यात आला. तेवढे पैसे जवळ नव्हते म्हणून वाचला! गुप्तरोग बरे करण्याच्या औषधांच्या अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींना मात्र ती अजून कळलेली दिसत नाही.

मुख्य म्हणजे, एकदा तो सरकारी रुग्णालयापर्यंत जाऊनही परत फिरला होता. कारण काय, तर दारावरची पाटी! वैद्यकीय शिक्षणात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हा एकच विषय धरतात, त्यामुळे पाटीवर तिन्ही नावं एका ओळीत असतात. त्या ओळीखाली कुणी ओळखीच्याने आपल्याला उभं पाहिलं तर? या विचारानेच त्याचे पाय मागे वळले. मी सोबत गेलो तेव्हा त्या रांगेत चेहऱ्यावर मुरुमं आलेल्या मुली होत्या, खरजेने हैराण झालेलं पोर कडेवर घेतलेली आई होती, केस गळतात म्हणून आलेले एक गृहस्थ होते. कोण कशासाठी आलंय याची कुणालाच पर्वा नव्हती.

डॉक्टरांनी पडदा ओढून तपासलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. लिंगाच्या टोकाच्या कडेने, गोलाकार रांगेत, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे मोत्यासारखे दाणे. हा रोग नव्हे, शरीराच्या रचनेचाच एक प्रकार, असं त्यांनी सांगितलं. वयात आल्यानंतर कित्येक तरुणांना असे दाणे येतात. ते संसर्गाने येत नाहीत, बायकोला लागत नाहीत, संसारसुखात किंवा मूल होण्यात अडथळा आणत नाहीत आणि वयाबरोबर बहुधा फिके होत जातात. औषध? काहीही नाही. भाच्याने दोनदा विचारलं, "खरंच काही नाही?"

असाच निरुपद्रवी दुसरा प्रकार म्हणजे कातडी ताणली की दिसणारे फिकट पिवळे ठिपके. या तेलग्रंथीच असतात, फक्त त्यांच्याजवळ केस नसतो. फॉरडाइस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1896 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. ओठांवर आणि गालाच्या आतूनही ते दिसतात. तिथे मात्र कुणी घाबरत नाही.

धोका आहे तो घरगुती उपायांत. दाणे नखाने खुडले किंवा त्यांवर जळजळीत औषध लावलं, तर जखम होते. दुकानदाराने दिलेल्या मलमात स्टेरॉइड असेल तर नाजूक कातडी पातळ होते, आणि नायटा असलाच तर तो आणखी पसरतो.

मात्र 'सगळंच निरुपद्रवी' असं समजून घरी बसू नये. फुलकोबीसारखे वाढणारे कोंब, पाण्याने भरलेले दुखरे फोड, लघवीच्या जागेतून पू, जांघेत गाठ, अशा वेळी लगेच डॉक्टर गाठावेत. न दुखणाऱ्या जखमेकडे तर मुळीच दुर्लक्ष नको. उपदंशाची जखम दुखत नाही, आपोआप भरूनही येते, आणि रोग मात्र शरीरात राहतो. रात्री खाज सुटत असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर ती खरूज असू शकते. मग औषध सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं. यांतलं कोणतं काय, हे मोबाइलवरची चित्रं बघून ठरत नाही.

मराठीत हे प्रश्न उघडपणे छापण्याचं धाडस र. धों. कर्व्यांनी 1927 साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात केलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. आज रायपूरचं मोठं सरकारी रुग्णालय, लोकांच्या तोंडचं 'मेकाहारा', आंबेडकरांच्याच नावाने आहे.

ताईला फोन भाच्यानेच केला. "त्वचेची एक शंका होती, डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं. तू हॉल बघ," एवढंच बोलला. ताईनेही खोदून विचारलं नाही, याचं मला नवल वाटलं.

आपल्या घरातला एखादा मुलगा असाच घुटमळत असेल, तर त्याला एवढं सांगा : खिडकीवर चिठ्ठी काढताना 'त्वचा विभाग' म्हटलं की पुरे, पुढचं डॉक्टरांना पडद्याआड सांगायचं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात, तिथे लैंगिक आजारांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते. सोबत कुणी हवं असेल तर मामा, काका, थोरला भाऊ, कुणीही चालेल. बाहेर बाकावर बसायचं असतं, बस्स.