जीप डिझेलवर टाकताना

वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन फिरणाऱ्या, जीपा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. बॉनेट जुन्या पेट्रोल जीपचं आणि खालून येणारा आवाज ट्रॅक्टरचा. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं ही सोलापूर भागात आधी हौस नव्हतीच, हिशोब होता. दोन्ही इंधनांच्या दरात तेव्हा मोठी तफावत असायची. सरकारनं पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे २०१४ साली मोकळे केले, ती फार पुढची गोष्ट. पेट्रोलवर अक्कलकोट-बार्शीच्या फेऱ्या मारून ड्रायव्हरच्या हाती काय राहणार? म्हणून जीप ‘डिझेलवर टाकायची’. हे काम वडापवाल्यांकडून आमच्यासारख्या हौशी लोकांकडे आलं ते बरंच नंतर, पण आलं ते तयार ज्ञान घेऊन.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या घराला लागून वडिलांचे यंत्रमाग होते. गल्लीच्या तोंडाशी लेथचं दुकान. मागाचे शाफ्ट, बुश, दातरी चाकं यांची दुरुस्ती हा तिथला रोजचा धंदा. रविवारी सकाळी मात्र दुकानासमोर दोन-तीन जीपा, एखादी फियाट, कधी बुलेट उभी असायची आणि भोवती माणसं. त्यात माझे तीन सल्लागार होते. गॅरेजवाले चाचा, ज्यांचं अर्धं आयुष्य ट्रकांच्या खाली गेलेलं. अण्णा, म्हणजे आमच्याच मागांचे जॉबर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि आवाजावरून कुठला बेअरिंग गेला ते सांगणारे. तिसरे पॉलिटेक्निकमधले एक सर. त्यांना सगळे मान द्यायचे आणि थोडं चिडवायचेही.

माझ्या मामांची सीजे-३बी मॉडेलची जीप मंगळवेढ्याकडच्या शेतात पडून होती. १९९७ साली मी ती सोलापूरला ओढून आणली. महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे जीपा जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही पोर. तिचं हरिकेन इंजिन २१९९ सीसीचं, ७५ हॉर्सपॉवरचं. त्यात आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि बाहेर टाकणारा ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं, ते मावावं म्हणून बॉनेट उंच केलं, आणि त्या उंच कपाळामुळेच ही जीप लांबून ओळखू येते. आमच्या जीपच्या ब्लॉकला चीर गेलेली होती. चाचांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, “वेल्डिंग होईल, पण भरवसा नाही बेटा. दुसरं इंजिन बघ.”

मग कोणतं इंजिन यावर कित्येक रविवार गेले. चाचांचं मत प्यूजोकडे. महिंद्राच्या एमएम-५४० मध्ये हे एक्सडीपी इंजिन येत होतं. २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर. डिझेल असूनही मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत जातं, आणि कंपनीनंच जीपमध्ये बसवलेलं असल्यामुळे त्याला लागणारं बहुतेक सामान बाजारात मिळतं. अण्णांना ट्रॅक्टरच्या वंशातलं इंटरनॅशनल इंजिन आवडायचं. त्यांचं म्हणणं, ते मरत नाही, कुठल्याही गावात दुरुस्त होतं. कुणीतरी मॅटाडोरचं मर्सिडीज इंजिन सुचवलं. सर म्हणाले, मूळ इंजिनच मिळव आणि जीप आहे तशी ठेव. त्यावर सगळे हसले, मीही हसलो.

अण्णांच्या इंजिनाचा निकाल सरांनी टॉवेलच्या बिलामागं आकडेमोड करून लावला. ती आकडेमोड मला अजून पाठ आहे, कारण इंजिन बदलणाऱ्या बहुतेकांचं तिथंच चुकतं. जुन्या जीपच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.३८. म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. सोळा इंची रिमवरचं टायर एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर अंतर कापतं. हळू फिरणारं डिझेल अडीच हजार फेऱ्यांवर चालवायचं म्हटलं, तर जीप ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास अडकते. इंजिन किंचाळतंय आणि मागून लूना हॉर्न वाजवतेय, असा प्रकार. प्रमाण ४.२७ केलं तर तेवढ्याच फेऱ्यांना ८० च्या आसपास वेग मिळतो. “मग क्राउन बदलूया की,” अण्णा म्हणाले. “मागचा बदलशील, पुढचा?” चाचांनी विचारलं. फोर-व्हील जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलचं प्रमाण सारखंच लागतं. मागं ४.२७ आणि पुढं ५.३८ ठेवून कुणी फोर-व्हीलची दांडी ओढली, तर कोरड्या रस्त्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडायला लागतात आणि मधला ट्रान्सफर गिअर फुटतो. आमच्या भागात अशा फुटलेल्या पेट्या चाचांनी पुष्कळ उघडल्या होत्या.

प्यूजो ठरलं. ते आणायला चाचांना सोबत घेऊन पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानात इंजिन छान होतं, भावही कमी. चाचांनी ब्लॉकवरच्या नंबराच्या जागी अंगठा घासला आणि काही न बोलता दुकानाबाहेर आले. तिथं ग्राइंडर फिरवलेला होता. ज्याचा नंबर घासलाय ते इंजिन फुकट मिळालं तरी आणायचं नाही, हा त्यांचा नियम. शेवटी दुसरीकडून पक्क्या बिलावर घेतलं, थोडं महाग पडलं. त्या बिलाची किंमत मला पुढं परिवहन कार्यालयात कळली.

इंजिन आलं तेव्हा माझी समजूत अशी, की आता चेन कप्पी लावून ते खाली सोडायचं आणि बोल्ट आवळायचे. खरं काम त्याच्या आधी होतं. प्यूजोचं बेल हाउसिंग वेगळं आणि जीपचा तीन गिअरचा टी-९० बॉक्स वेगळा. दोन्हीची भोकं जुळत नाहीत. मधे एक जाड लोखंडी प्लेट बनवायची. एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअर बॉक्सची. हे कुणीही करेल. कठीण आहे ते केंद्र जुळवणं. गिअर बॉक्सचा शाफ्ट फ्लायव्हीलच्या मधल्या छोट्या बेअरिंगमध्ये शिरतो, आणि तो बरोबर मध्यावर नसला तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. नंतर क्लच थरथरतो, बेअरिंग ओरडतो, गिअर आपोआप सुटतो. मालक क्लच प्लेट बदलत बसतो आणि दोष प्लेटमध्येच असतो, फक्त वेगळ्या प्लेटमध्ये.

इथं गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले लेथवाले कामाला आले. त्यांनाही आम्ही मामाच म्हणायचो. साधा मिस्त्री सुतात मोजतो, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. मामा इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचे. त्यांनी फ्लायव्हीलला डायल गेज चिकटवला, क्रँक हातानं फिरवला आणि काटा किती सरकतो ते बघितलं. “आऊट मारतंय.” प्लेट काढली, डॉवेल पिनांची जागा थोडी हलवली, परत बसवली. परत आऊट. असं ते काटा जवळजवळ स्थिर होईपर्यंत चाललं. मधे मधे मागांचे शाफ्ट घेऊन लोक यायचे, मामा त्यांचं काम आधी करायचे, आणि माझी प्लेट कोपऱ्यात पडून राहायची. मला तेव्हा राग यायचा. खरं तर जे काम ते आमच्याकडून जेमतेम लोखंडाचे पैसे घेऊन करत होते, त्यासाठी धंद्याचं गिऱ्हाईक थांबवायचं त्यांना कारणच नव्हतं.

प्लेटच्या जाडीइतका गिअर बॉक्स मागं सरकला. म्हणजे मागचा जॉइंट शाफ्ट लांब पडला आणि पुढचा तोकडा. एक कापायचा, एक वाढवायचा, दोन्ही बॅलन्स करून आणायचे. इंजिनाची फाउंडेशनं नव्या जागी वेल्ड करायची. डिझेल जड, म्हणून पुढचे पाटे बसले. त्यात एकेक पान वाढवलं. रेडिएटर तोच ठेवायचा माझा विचार होता. चाचांनी फक्त विचारलं, “मे महिन्यात पण सोलापुरातच राहणार ना?” पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जाणाऱ्या गावात हा प्रश्न पुरेसा होता. जास्त जाळीचा रेडिएटर बनवून घेतला आणि पंख्याभोवती काऊल लावला. काऊल नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी इंजिनाभोवतीचीच गरम हवा घुसळत बसतो.

या सगळ्यात चाचांची एक अट होती आणि ती ऐकून मी हादरलोच होतो. इंजिन खाली सोडायच्या आधी ब्रेक पूर्ण व्हायला पाहिजेत. जुन्या जीपचे ब्रेक निव्वळ पायाच्या जोरावर. बूस्टर लावायचा तर त्याला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात तो कार्बोरेटरच्या पडद्याखाली आपोआप तयार होतो, डिझेलमध्ये तसा पडदाच नसतो. म्हणून इंजिनावर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप पाहिजे. पंप, नवे ड्रम, नव्या नळ्या, सगळ्याचे पैसे इंजिनाच्या आधी गेले. मी कुरकुर केली. चाचा म्हणाले, “इंजिन कोण पण चढवतो बेटा. ही घाटात थांबवणार कोण, मी?”

घाट म्हणजे तुळजापूरचा. भवानी पेठेतून निघालं की तामलवाडीपर्यंत रस्ता सरळ, आणि मग तुळजापूरच्या अलीकडं चढ. बदललेल्या प्रत्येक गाडीची परीक्षा आमच्याकडे तिथंच व्हायची, देवीचं दर्शनही व्हायचं. पहिल्या चढाला मी, चाचा, अण्णा आणि सर असे चौघं होतो. दुसऱ्या गिअरमध्ये जीप चढली, तापमानाचा काटा वर गेला पण लाल रेघेच्या आत थांबला. उतरताना चाचांनी मला मुद्दाम मधेच करकचून ब्रेक मारायला लावला. जीप सरळ थांबली. अण्णा म्हणाले, “हौ की, थांबली बे!” त्या दिवसाचं मला मिळालेलं प्रमाणपत्र ते एवढंच.

नंतर मी इंजिन बदलाच्या जगभरच्या गोष्टी वाचल्या. अमेरिकेत १९३२ सालच्या फोर्डच्या व्ही-८ इंजिनावर अख्खी हौशी जमात उभी राहिली, आणि १९५५ साली शेव्हरोलेचं छोटं व्ही-८ आल्यावर ते दिसेल त्या गाडीत बसू लागलं. पण मला जास्त जवळचे वाटतात ते आपल्या कारखान्यांनी केलेले बदल. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्याच कंपनीनं १९८५ च्या सुमारास फियाटच्या अंगात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन घालून ११८-एनई ही गाडी विकली. अ‍ॅम्बॅसडरमध्ये इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आलं, सोबत पाच गिअरचा बॉक्स. महिंद्राची एमएम-५४० ही तर विलीजच्या जीपमध्ये प्यूजो. म्हणजे कंपनी करते तेच आम्ही करत होतो, असं आमचे लोक छाती फुगवून सांगायचे. सरांना ते पटायचं नाही. कंपनी ब्रेकपासून एक्सलपर्यंत सगळं तपासून घेते, तुम्ही घाटात तपासता, असं ते म्हणायचे. सर बरोबर होते, असं आज वाटतं. चाचांचा हट्टही शेवटी तोच होता, फक्त त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती.

कागदांचं काम तेव्हा व्हायचं. अर्ज, इंजिनाचं बिल, तपासणी, चेसिस नंबरची पेन्सिल छाप, आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर नि इंधनाच्या जागी डिझेल. आता ते दार बंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला वाव आहे. त्याच जातीचं इंजिन बदलायचं असलं तरी परवानगी आणि नोंद लागते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. भंगारातून त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. पण नियमांत बसत नसल्यानं ती कधीतरी अडवली जाईल हे ओळखून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि पुढच्या महिन्यात ती दिलीही. मला यात दोन्ही बाजू पटतात. लोहारांचे हात मोलाचे आहेत, आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाला त्या गाडीचे ब्रेक कुणी तपासलेत हे कळायला मार्ग नाही.

आणखी एक गंमत. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अट अशी, की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. माझ्या मामांची जीप वयानं बसते, पोटानं बसत नाही. मूळ इंजिन ठेव म्हणणाऱ्या सरांना आम्ही हसलो होतो.

हल्ली पेठेतली तरुण मुलं जुनी जीप घ्यायची म्हणून विचारायला येतात. त्यांना मी इंजिनाबद्दल फार बोलत नाही. आधी आरसी आणि चेसिस नंबर ताडून बघा, इंजिनावरचा नंबर डोळ्यांनी वाचा. रस्त्यावर चालवायची असेल तर आहे ते मूळ इंजिन दुरुस्त करून घ्या, सुटे भाग अजून मिळतात. आणि कागदावर इंधन पेट्रोल लिहिलेलं असेल नि बॉनेटखाली डिझेल असेल, तर मालक कितीही गोड बोलला तरी इसार देऊ नका.