देवगुराडियाच्या वाटेवर

होळकरांच्या इंदुरास जाणारा मराठी प्रवासी राजवाडा पाहतो, छत्रीबागेतील छत्र्या पाहतो, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खातो आणि आपल्याच माणसांत राहून आल्याच्या समाधानाने परततो. नेमावरच्या रस्त्याने देवगुराडियाच्या टेकडीकडे तो सहसा वळत नाही. वास्तविक या नगरीची खरी थोरवी तिकडेच पाहावयास मिळते.

टेकडीवर महादेवाचे जुने मंदिर आहे. त्याच परिसरात वर्षानुवर्षे सबंध शहराचा केर येऊन पडे. असा साचलेला सुमारे 13 लाख टन कचरा उपसून व चाळून 2018 साली ती जमीन मोकळी करण्यात आली. 2022 मध्ये तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू काढण्याचा कारखाना सुरू झाला. दररोज 550 टन कचरा पचविण्याची त्याची शक्ती आहे. 2017 पासून 2023 पर्यंत सलग सात वेळा स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर पहिले आले. अखेरच्या खेपेस सुरत त्याच्या जोडीला होते.

हे सारे यंत्रांनी साधले असे वाटणे साहजिक आहे. परंतु यंत्राच्या आधी गृहिणीचा हात लागतो. सकाळी गाणे वाजवीत कचऱ्याची गाडी दाराशी येते. ओला, सुका, प्लास्टिक, आरोग्यविषयक, घातक आणि विजेच्या उपकरणांचा, असा सहा प्रकारांचा कचरा निरनिराळा द्यावयाचा असतो. तो घरातच वेगळा झाला नाही, तर पुढे कोणाच्या तरी बोटांना तो निवडावा लागतो.

या निवडीत एक वस्तू मोठी अवघड ठरते. ती म्हणजे तान्ह्या मुलाच्या अन्नाची चकचकीत पिशवी! खोक्यातील भुकटी तिच्यात भरलेली असते. दिसावयास ती एक, पण अंगाने तिपेडी: बाहेर छापील कागद किंवा प्लास्टिक, मध्ये केसाहूनही पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत पॉलिथिन. दमट हवा व उजेड यांपासून बाळाचे अन्न राखण्यासाठी ही योजना असते आणि ती योग्यच आहे. मात्र हे थर एकमेकांस असे चिकटविलेले असतात की, ते सुटे करणे फार खर्चाचे होते. पॉलिथिन साधारण सव्वाशे अंशांच्या आसपास वितळते, तर ॲल्युमिनियमला 660 अंश लागतात. एका भट्टीत दोघांचे जमत नाही. म्हणून भंगारवाला पत्र्याचा डबा आनंदाने घेतो, पण ही पिशवी परत करतो.

मग तिचे व्हावे काय? ज्याचा पुन्हा माल होत नाही असा कोरडा कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत कोळशाच्या जोडीला जाळतात. तेथे सुमारे 1450 अंशांची उष्णता असते. गोव्यातील साळगावच्या केंद्रातूनही असा कचरा कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे जातो. परंतु पिशवी ओली किंवा भुकटीने बरबटलेली असेल, तर ती शेजारचा चांगला कागदही नासवते आणि निवडणाऱ्या बाईच्या वाट्याला दुर्गंधी व माश्या येतात.

आपल्या खेड्यांत बहुधा हीच पिशवी चुलीत जाते. चुलीची आच भट्टीची नव्हे. तेथे प्लास्टिक धड जळत नाही, काजळी व विषारी धूर तेवढा निघतो. थोर माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो, नवजात बालक 30 ते 60. ज्याच्या पोषणासाठी ती पिशवी घरात आली, त्याच्याच कोवळ्या छातीत तिचा धूर अधिक जातो, हे किती दुर्दैव!

उपाय अवघड नाहीत. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध हेच बाळाचे अन्न होय. पुढे नाचणीचे सत्त्व, मऊ भात व वरण घरीच होते. वैद्याच्या सल्ल्याने भुकटी आणावीच लागली, तर मिळेल तेथे पत्र्याचा डबा घ्यावा. रिकामा डबा मोहरीला, बियाण्याला किंवा सुईदोऱ्याला कामी येतो आणि अखेर भंगारात विकला जातो. पिशवी कापून उलगडावी, झटकावी, जुन्या फडक्याने पुसून वाळवावी. बुडाशी दोन भोके पाडली की तिच्यात मिरचीचे किंवा पपईचे रोप चांगले वाढते. तिच्यात पुन्हा खाण्याचा जिन्नस मात्र ठेवू नये. उरलेल्या पिशव्या एका डब्यात साठवाव्यात.

गाडी आपल्या वाडीवर येत नाही, अशी तक्रार कोणी करील. ती रास्त आहे. परंतु 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकली आहे. चार घरांनी मिळून स्वच्छ, कोरड्या पिशव्यांचे गाठोडे पंचायतीत नेले आणि ग्रामसभेत त्याची विचारणा केली, तर मागणीला वजन येईल. इंदूरची गाडीदेखील दाराशी वेगळा केलेला कचरा मिळू लागला, म्हणूनच उपयोगाची ठरली.